पाव फेरा

जुनं लेथ बघायला गेलो होतो, स्लोव्हेनियात.
मशीन काही जमलं नाही.
बेड घासलेला, किंमत युरोत,
आणि म्हातारा फ्रांत्स ते विकायला बसलाय की मिरवायला
हेच कळेना.
पण जेवायला ठेवून घेतलं त्यानं.
मग तळघर. ओल्या पायऱ्या, एकच बल्ब,
आणि फळ्यांच्या भोकांत माना खाली घालून
चारेकशे बाटल्या,
शाळेत अंगठे धरून उभी केलेली पोरं जशी.

म्हणाला, पेनिना.
दुभाषी पोरगी म्हणाली, पेना म्हणजे फेस.
मी म्हणालो, आमच्याकडं फेन.
तिनं ते त्याला सांगितलं
आणि म्हाताऱ्यानं माझ्याकडं असं बघितलं
जशी परक्याच्या लग्नात
शेजारच्या पाटावर भावकी निघावी.

मला वाटायचं, हे प्यायचं नसतं,
कप जिंकल्यावर एकमेकांच्या अंगावर उडवायचं असतं.
घोट घेतला.
आधी गार, मग आंबट,
मग जिभेवर मोहरी तडतडली
आणि नाकात पाणी आलं.
कुठं मिळतं हे?
इथंच, म्हणाला. त्या टेकडीच्या पलीकडं
कुणाला ठाऊक नाही. बरंच आहे.

तीन वर्षं निजवायची.
मग रोज सकाळी एकेक बाटली हातानं
पाव फेरा फिरवायची,
गाळ मानेशी उतरेपर्यंत.
बुडाला चुन्याची रेघ मारलेली,
कितपत फिरली ते कळायला.
आणि एवढं सगळं कशासाठी,
तर आतला बुडबुडा राहावा म्हणून.

बुडबुडा राहावा म्हणून!
आमच्या उद्यमनगरात
बुडबुड्यापायी तीन पिढ्यांची झोप गेलीय.
पंपाची बॉडी वरून अशी गुळगुळीत,
की गालावरून हात फिरवावा.
लेथवर पहिला कट घेतला की आत भोक.
ब्लोहोल. रिजेक्ट. टेम्पो परत.
वडील गेले तेव्हा त्यांच्या खिशात
वाळूच्या ओलीचा हिशोब होता.

एक बाटली टॉवेलात गुंडाळून आणली.
सोमवारी उघडली. सोमवारी भट्टी थंड असते.
बूच पत्र्याला लागलं, कबुतरं उठली,
चहाचे ग्लास पुढं आले.
वाळू चाळणारी आक्काताई अतिग्रे
पदराआड एक घोट घेऊन म्हणाली,
लिंबू सोडाच की ह्यो, मीठ इसरल्यात.

हिंदुराव मिस्त्री पीत नाहीत,
पोरीच्या लग्नापासून सोडलीय.
कास्टिंगवर हातोडी टेकवून
नुसत्या आवाजावर सांगतात,
माल आत कसा आहे.
त्यांनी ग्लास घेतला
आणि कानाला लावला.

डोळे मिटून. बराच वेळ.
बाहेर कुणीतरी मोपेड चालू करत होतं, होत नव्हती.
सगळे गप्प.
बोलतंय की रं, म्हणाले मिस्त्री.
परत ऐकलं.
म्हणाले, निस्ती भोकंच हाईत.
मग ग्लास खाली ठेवून, एकदम गंभीर होऊन,
आनि ह्यो माल पास केला कुनी?

हसलो आम्ही. ते हसले नाहीत.

रिकामी बाटली खिडकीत ठेवलीय,
साच्यांच्या फळीवर, उलटी, तेलाच्या डब्यात मान खोवून.
कुणी ठेवली विचारलं नाही.
मंगळवारपासून काम सुरू. परत दोन बॉडी रिजेक्ट,
फोनवर पार्टीच्या शिव्या,
वाळू ओली, की मग कोळसा खराब,
रोजचंच.

फक्त काल सकाळी, शटर वर केल्या केल्या दिसलं,
बुडाची चुन्याची रेघ
परवा खिडकीकडं होती,
आता भट्टीकडं आहे.